सहदेवी : ‘जाती’ म्हणावे की ‘प्रजाती’?

प्रश्न : पुण्यातील वेताळ टेकडीवरील रानफुलांचे छोटे माहितीपत्रक आम्ही तयार करीत आहोत. त्यात सहदेवीच्या नोंदीत ‘सूर्यफूल कुलातील ही प्रजाती टेकडीवर सर्वत्र आढळते’ असे वाक्य होते. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनी ‘प्रजाती’ खोडून ‘जाती’ केले आहे. वर्तमानपत्रांत तर सर्रास ‘प्रजाती’च वाचायला मिळते, मग योग्य काय? शिवाय शास्त्रीय नाव एका पुस्तकात व्हर्नोनिया सिनेरिया, तर दुसऱ्यात सायँथिलियम सिनेरियम असे दिले आहे. या दोन निराळ्या वनस्पती आहेत का?

उत्तर : बाईंची दुरुस्ती बरोबर आहे. मराठी विश्वकोशाने रूढ केलेल्या परिभाषेत गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरती मांडणी आहे, म्हणजे ‘प्रजाती’ हा जीनससाठी (जवळच्या जातींच्या गटासाठी) आणि ‘जाती’ हा स्पीशीजसाठी (त्या गटातील एका विशिष्ट प्रकारासाठी) योजलेला शब्द आहे. हिंदीत जीनसला ‘वंश’ म्हणत असल्याने तिथे ‘प्रजाति’ हा शब्द स्पीशीजसाठी मोकळा राहिला, आणि बातम्यांच्या भाषांतरांतून तो त्याच अर्थाने मराठीत शिरला, असे मला वाटते. ‘जाती’ या शब्दाला असलेल्या सामाजिक अर्थामुळेही काही जण तो टाळत असावेत. परंतु त्या संकोचापायी वर्गीकरणाची एक पायरीच गाळली जाते, आणि सहदेवीच्या बाबतीत तर नेमकी तीच पायरी महत्त्वाची आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने 1753 मध्ये तिला कोनायझा या प्रजातीत घालून कोनायझा सिनेरिया असे नाव दिले, 1829 मध्ये लेसिंग या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती व्हर्नोनियात नेली, आणि 1990 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरल्ड रॉबिन्सन यांनी तिला सायँथिलियम या प्रजातीत ठेवले. तीन प्रजाती झाल्या, जाती मात्र तीच राहिली. म्हणूनच आजच्या नावापुढे लिनीयसचे संक्षिप्त नाव कंसात आणि रॉबिन्सन यांचे कंसाबाहेर लिहितात. या शेवटच्या बदलामागे ठोस कारण होते. अमेरिका खंडातील मूळ व्हर्नोनियांची गुणसूत्रांची आधारसंख्या (एका मूळ संचातील संख्या) 17 आहे, तर आशिया-आफ्रिकेतील त्यांच्या मानलेल्या भाईबंदांमध्ये ती 9 किंवा 10 आढळते आणि सहदेवीत एकूण गुणसूत्रे 18, म्हणजे 9 च्या दुप्पट, असतात. याच फेररचनेत आपले कडू जिरेही व्हर्नोनियातून बाहेर पडून बॅकरॉइडीझमध्ये गेले. ‘सहदेवी आणि कडू जिरे पूर्वी एकाच प्रजातीत होते, आता दोन वेगळ्या प्रजातींत आहेत’ हे साधे विधान ‘प्रजाती’चा अर्थ स्पीशीज धरला तर निरर्थक ठरते. (जेवणातल्या जिऱ्याचा या कडू जिऱ्याशी केवळ नावापुरताच संबंध, ते कोथिंबिरीच्या कुलातले.)

सिनेरिया की सिनेरियम, हा छापण्यातला घोळ नाही. लॅटिन विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलते: कोनायझा आणि व्हर्नोनिया ही स्त्रीलिंगी नावे आहेत, सायँथिलियम नपुंसकलिंगी आहे. पांढरा चाफा, पांढरी जास्वंद, पांढरे कमळ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अर्थ दोन्हींचा राखाडी असाच.

आता तुमच्या पत्रकाविषयी एक सूचना. ‘सहदेवीची जांभळी फुले’ असे लिहिले असेल, तर निदान एकदा तरी ‘स्तबक’ हा शब्द वापरा. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा गुच्छ असतो; हिरव्या छदांच्या (गुच्छाखालच्या पानांसारख्या भागांच्या) पेल्यात वीसेक नळीसारखी पुष्पके (इवली फुले) दाटीने बसलेली असतात आणि प्रत्येकाचे टोक पाच पाकळ्यांत फाकलेले असते. सूर्यफुलाच्या कडेला जी पिवळी किरण-पुष्पके दिसतात ती इथे अजिबात नसतात. फळे पिकली की पांढऱ्या केसांच्या झुबक्यासह वाऱ्यावर उडतात. हा झुबका ओळखीसाठी उपयोगी आहे, कारण जिच्याशी अनेकांची गल्लत होते त्या ओसाडी या दुसऱ्या रानवनस्पतीच्या फळावर केसांऐवजी अणकुचीदार खवले असतात. तिची पानेही निदान खोडाच्या खालच्या भागात समोरासमोर येतात, सहदेवीची मात्र एकाआड एक. गंमत अशी की ओसाडीच्या शास्त्रीय नावातील ‘कोनायझॉइडिस’ म्हणजे कोनायझासारखी, आणि लिनीयसने सहदेवीला त्याच कोनायझात घातले होते.

उपप्रश्न : मग केवळ ‘सहदेवी’ असे छापले तर चालणार नाही का? वाचकांना लॅटिन नावे बोजड वाटतात.

उत्तर : या वनस्पतीपुरते तरी चालणार नाही, कारण जुन्या वैद्यकग्रंथांच्या परंपरेत ‘सहदेवा’, ‘सहदेवी’ ही नावे बला वर्गातील, म्हणजे भेंडीच्या कुलातील झुडपांनाही लावलेली आढळतात. जुने शास्त्रीय नावही पर्यायी म्हणून द्यावे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (1901–1908) ती व्हर्नोनिया म्हणूनच सापडेल, आणि मराठीतील बहुतेक जुन्या नोंदीही त्याच नावाखाली आहेत. वाक्य असे करता येईल: ‘सहदेवी ही सूर्यफूल कुलाच्या सायँथिलियम प्रजातीतील जाती असून जुन्या पुस्तकांत तिचे नाव व्हर्नोनिया सिनेरिया असे आढळते.’