मदत हवी आहे: आचारसंहितेखाली तक्रार आली आहे, बॅन करायचा की नाही?

दुपारचं_ऊन
आमची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा खुला कोड) आहे, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर. कोड ऑफ कंडक्टची (आचारसंहितेची) फाईल आहे, योगदान कसं द्यायचं ते सांगणारी काँट्रिब्युटिंगची फाईलही आहे. पाठवलेल्या कोडच्या रिव्ह्यूमध्ये आपला अपमान झाला अशी तक्रार एका काँट्रिब्युटरने आचारसंहितेचा हवाला देऊन केली आहे. समोरची बाजू म्हणते, आधी नियम त्यानेच मोडले. दोन्हीकडून मला मेसेज येताहेत.

अशा वेळी बॅन करतात का? करत असतील तर किती दिवसांचा? रिलीज तोंडावर आहे, त्याआधी हे मिटवायचंय. कृपया थेट उत्तर द्या. "आधी गव्हर्नन्स ठरवा" छापाचे सल्ले नकोत, ते वाचून झालेत.

खटपट्या
बॅन कोणाला? तक्रार करणाऱ्याला की ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला? तेच लिहिलेलं नाही. रिव्ह्यूतली नेमकी वाक्यं इथे चिकटवा, नावं काढून.

टॅब_की_स्पेस
लायसन्स कोणतं आहे? एमआयटी किंवा बीएसडी असेल तर त्याला सांगा, फोर्क कर (कोडची स्वतःची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट चालव) आणि सुखी राहा. जीपीएल असेल तरी फोर्क करता येतोच, फक्त पुढे वाटताना सोर्स द्यावा लागतो. लोकांचा यात फार गोंधळ असतो म्हणून सांगून ठेवतो.

दुपारचं_ऊन
लायसन्सचा इथे काय संबंध? एमआयटी आहे, आणि फोर्कबद्दल कोणी काही विचारलेलं नाही.

@खटपट्या, रिव्ह्यूतली वाक्यं अशी: "हा कोड आहे की उकिरडा? आधी प्रोग्रामिंग शिका, मग इथे या. तुमच्यासारख्यांमुळे आमचे रविवार वाया जातात." पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आत घ्यायला पाठवलेला बदल) बंद केला. पीआरही तसाच होता म्हणा. आधी इश्यू (अडचणीची किंवा बदलाची नोंद) नाही, चर्चा नाही, हजारो ओळींचा बदल. त्यातल्या बहुतेक ओळी फक्त फॉरमॅटिंगच्या आणि मध्येच कुठेतरी एक बग फिक्स. आमच्या काँट्रिब्युटिंग फाईलमध्ये स्पष्ट लिहिलंय की एका पीआरमध्ये एकच बदल आणि मोठं काही करण्याआधी इश्यू उघडा. वर रोज "काही अपडेट?" चालूच.

जुनाजाणता
यात तक्रार कसली? कोड वाईट होता, वाईट म्हटलं. या आचारसंहिता वगैरे आल्या तेव्हापासून काम कमी आणि रुसवेफुगवे जास्त. लिनक्स कर्नल (त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काय गोड बोलून उभा राहिला का?

माजघर
@जुनाजाणता, निदान उदाहरण तरी दुसरं घ्यायचं. कर्नलने २०१५ मध्ये 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' नावाचा छोटासा मजकूर ठेवून पाहिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो काढून काँट्रिब्युटर कव्हेनंट या तयार नमुन्यावर बेतलेली आचारसंहिता घेतली. त्याच सुमारास कर्नल सुरू करणाऱ्या खुद्द टोरवाल्ड्सनी आपल्या ईमेलमधल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाले. कर्नल अजून चालू आहे.

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाकडे येते. हा रिव्ह्यू लिहिला कोणी? त्या व्यक्तीचं प्रोजेक्टमधलं स्थान काय? आणि तक्रार तुमच्यापर्यंत आली कशी, ईमेलवर की उघड इश्यूमध्ये? एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

जुनाजाणता
माफी मागितली म्हणून पॅच (कोडमधले बदल) चांगले झाले का? तांत्रिक गुणवत्ता हाच एक निकष हवा, एवढंच माझं म्हणणं. बाकी चालू द्या.

रिकामा_बफर
पीआर एआयने लिहिलेला होता का ते आधी तपासा. हजारो ओळी फॉरमॅटिंग आणि मध्ये एक फिक्स, हे लक्षण ओळखीचं वाटतंय. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने एप्रिल २०२४ मध्ये एआयने तयार केलेलं योगदान सरळ बंद केलं, मग नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनेही तशीच भूमिका घेतली. तुमच्या काँट्रिब्युटिंग फाईलमध्ये ही ओळ आजच घाला.

खटपट्या
एडिटरने सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट केलं तरी असाच पीआर होतो. सगळीकडे एआय दिसायला लागलाय लोकांना.

रिकामा_बफर
दिसायला लागलाय कारण आहे.

दुपारचं_ऊन
एआय नव्हता, एडिटरच होता, त्याने स्वतः तसं लिहिलंय. मूळ प्रश्न राहतोय बाजूला.

@माजघर, रिव्ह्यू आमच्या दुसऱ्या मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) लिहिला. आम्ही दोघंच आहोत. रेपॉझिटरी (कोडचा साठा) त्याच्या खात्यावर आहे, मी कोलॅबोरेटर (कोड बदलायची परवानगी असलेली). तक्रार उघड इश्यूमध्ये आली, ती त्याने बंद करून लॉक केली. मग त्या मुलाने मला ईमेल केला.

माजघर
हेच तर पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यानेच तक्रार बंद केली आणि रेपॉझिटरीचा मालकही तोच. तुम्ही विचारताय बॅन किती दिवसांचा, पण तुमच्याकडे बॅन करण्याचा अधिकार तरी आहे का? वैयक्तिक खात्यावरच्या रेपॉझिटरीत मालक एकच असतो. कोलॅबोरेटरला इश्यू लॉक करता येतो, कमेंट झाकता येते, पण सेटिंग्ज मालकाच्याच हातात.

आणि त्या मुलाने उघड इश्यू का काढला असेल? आचारसंहितेच्या फाईलमध्ये 'एन्फोर्समेंट' या भागात संपर्क म्हणून काय लिहिलंय, तेवढी ओळ जशीच्या तशी टाका.

दुपारचं_ऊन
"इन्सर्ट काँटॅक्ट मेथड" असं आहे, चौकटी कंसात. फाईल त्यानेच टाकली होती.

खटपट्या
अरे देवा. हे मात्र एकटे तुम्हीच नाही, ही रिकामी जागा तशीच सोडलेले रेपॉझिटरी हवे तेवढे सापडतात. काँट्रिब्युटर कव्हेनंट २०१४ पासून आहे, लोक चिकटवतात आणि बिल्ला लावल्यासारखं विसरून जातात.

टॅब_की_स्पेस
आचारसंहितेच्या मजकुरालाही लायसन्स असतं बरं का. काँट्रिब्युटर कव्हेनंटची २.१ आवृत्ती सीसी बाय ४.० खाली आहे, श्रेय द्यावं लागतं. फाईलच्या तळाशी 'ॲट्रिब्युशन' आहे ना? ते काढू नका.

दुपारचं_ऊन
आहे. धन्यवाद. 🙄

माजघर
मग त्या मुलाकडे जागाच उरली नव्हती, इश्यू काढला हे बरोबरच केलं. आता सविस्तर लिहिते. आमच्या प्रोजेक्टवर हे काम मी काही वर्षं करते आहे, त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं, त्या मुलाच्या ईमेलला आजच पोच द्या. दोन ओळी पुरेत: तक्रार मिळाली, अमुक दिवसापर्यंत उत्तर देते, तोवर तुझं नाव आणि ईमेल मी पुढे कोणाला देणार नाही. निकालाचं आश्वासन त्यात नको. तक्रार करणाऱ्याची गोपनीयता जपणं हे तुमच्याच आचारसंहितेत बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत इश्यू आधीच उघड होता, तरी त्याने तुम्हाला खाजगीत जे लिहिलं ते खाजगीच राहू दे.

दुसरं, पीआर नाकारणं आणि ती भाषा हे दोन वेगळे निर्णय आहेत. पीआर नाकारणं योग्य होतं, त्याबद्दल वाद नाही. "वेगळे पीआर करून पाठवा, आधी इश्यू उघडा, फाईलमधला हा भाग पाहा" एवढं लिहून बंद केला असता तर आज हा धागा नसता. "उकिरडा" हा शब्द तरी कोडबद्दल आहे. "प्रोग्रामिंग शिका" आणि "तुमच्यासारख्यांमुळे" ही वाक्यं माणसाबद्दल आहेत. त्याने नियम मोडला म्हणून ती माफ होत नाहीत, आणि याच्या भाषेमुळे त्याचा पीआर चांगलाही ठरत नाही.

तिसरं, बॅन. काँट्रिब्युटर कव्हेनंटच्या २.१ आवृत्तीत चार पायऱ्या आहेत: करेक्शन, वॉर्निंग, तात्पुरता बॅन, कायमचा बॅन. अशा एका प्रसंगाला पहिली पायरी लागते. म्हणजे खाजगी, लेखी ताकीद, काय चुकलं आणि का चुकलं ते स्पष्ट लिहून. हवं तर जाहीर माफी मागायला सांगता येते. हे आधीही झालं असेल तर दुसरी पायरी. झालंय का?

दुपारचं_ऊन
त्याची भाषा नेहमीच तिखट असते. तक्रार पहिल्यांदाच आली.

पण ताकीद मी कशी देणार? प्रोजेक्ट त्याने सुरू केलाय. मी बोलले तर तो मलाच काढेल.

खटपट्या
म्हणजे बॅन किती दिवसांचा हा प्रश्नच नव्हता.

जुनाजाणता
बघा, म्हणून म्हणतो. ज्याचा प्रोजेक्ट, त्याचा नियम. पटत नसेल तर वेगळं व्हावं. कागदावरच्या संहितेने मालक बदलत नाही.

माजघर
@जुनाजाणता, अर्धं बरोबर बोललात. वरच्यांना संहिता लागू होत नसेल तर ती कागदच राहते. मोठ्या प्रोजेक्टवरही हेच होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम स्वतःशिवाय कोणालाच उत्तरदायी नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. त्यानंतर तिथे कारभाराची रचनाच बदलायला घेतली आणि २०२३ मध्ये लीडरशिप कौन्सिल आलं. तुम्ही दोघं आहात, तुम्हाला कौन्सिल नको. पण तिसरा माणूस हवा.

चहाटळ
रोज "काही अपडेट?" विचारणाऱ्यावर कोणी काहीच बोलत नाही? एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलचं आठवतंय का? २०२२ मध्ये काही खात्यांनी ईमेल करून करून मेंटेनरवर दबाव आणला, त्यातून नवा सहमेंटेनर आत आला आणि मार्च २०२४ मध्ये बॅकडोर (आत शिरायची छुपी वाट) सापडला. दबाव टाकणारा प्रत्येक जण निरागस नसतो.

खटपट्या
म्हणून आता फॉरमॅटिंगचा पीआर टाकणारा हेर झाला का? कमाल आहे.

चहाटळ
हेर म्हटलं नाही. मेंटेनर का वैतागतो ते सांगतोय. फुकट काम करतो तो माणूस.

माजघर
वैताग समजतो, आणि त्याला उपाय काँट्रिब्युटिंग फाईलमध्ये आहे. किती दिवसांत उत्तराची अपेक्षा ठेवावी हे लिहून टाका. कर्नलच्या दस्तऐवजात साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रतिसादाची अपेक्षा आणि पुन्हा आठवण करण्याआधी किमान एक आठवडा थांबा, असं सांगितलंय. तुमच्या फाईलमध्ये असं काही आहे? नसेल तर त्या मुलाने मोडला कोणता नियम? मोठा पीआर, मान्य. रोजची आठवण हा नियमभंग नव्हता, फक्त त्रासदायक होतं.

दुपारचं_ऊन
वेळेबद्दल काही नाही लिहिलेलं. पीआर टेम्प्लेटही नाही.

साइनऑफ
उशिरा आलो. डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) लावा, सगळे प्रश्न सुटतील. प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) साइन-ऑफची ओळ सक्तीची केली की गंभीर लोकच येतात. सीएलएपेक्षा (योगदान देणाऱ्याशी करायच्या करारापेक्षा) कितीतरी सोपं. कर्नलने २००४ मध्ये सुरू केलं, गिट कमिटला एक पर्याय लावला की ओळ आपोआप येते.

खटपट्या
डीसीओ हा कोडच्या हक्काबद्दल आहे: हा कोड द्यायचा अधिकार मला आहे, एवढंच त्यात म्हटलंय. उकिरडा म्हणण्यावर त्याचा काय इलाज?

साइनऑफ
शिस्त लागते म्हणून म्हटलं.

टॅब_की_स्पेस
एमआयटीवाल्या छोट्या प्रोजेक्टला डीसीओसुद्धा जड आहे. नवा माणूस पहिल्याच पीआरला तपासणी नापास झाल्याची लाल खूण बघून पळतो.

साइनऑफ
पळाला तर पळाला. शेवटची कमिट दुरुस्त करून पुन्हा पुश करायला असा किती वेळ लागतो?

माजघर
डीसीओचा वेगळा धागा काढा बुवा.

@दुपारचं_ऊन, आता तुमच्या सहकाऱ्याशी बोलायचं कसं ते. ताकीद म्हणून जाऊ नका, तो अधिकार तुमच्याकडे नाही हे तुम्हीच सांगितलंत. इश्यूवर किंवा पीआरवर काही लिहू नका, प्रत्यक्ष बोला किंवा कॉल करा. तीनच मागण्या ठेवा. ती रिव्ह्यूची कमेंट त्याने स्वतः बदलावी. जुना मजकूर इतिहासात दिसतो, त्यामुळे लपवाछपवीचा आरोप येणार नाही. त्याच ठिकाणी एक ओळ लिहावी: भाषा चुकली, पीआर मात्र या कारणांनी बंद आहे. आणि संपर्काच्या रिकाम्या जागी असा पत्ता घालावा की जो एकट्या त्याच्याकडे जात नाही. तुमच्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या एखाद्या प्रोजेक्टमधलं कोणी भरवशाचं असेल तर त्यांना विचारा. वर्षात एखाद वेळ लागणारं काम आहे, लोक हो म्हणतात.

रेपॉझिटरी गिटहबवरच्या सामायिक खात्याखाली (ऑर्गनायझेशन) हलवून दोन मालक करणं हे रिलीजनंतर. आत्ता तो विषय काढलात तर त्याला वाटेल की तक्रारीच्या आडून प्रोजेक्ट हिसकावताय.

जुनाजाणता
हे मात्र पटलं. उघड्यावर भांडू नका.

दुपारचं_ऊन
बोलले. पहिल्यांदा भडकला. म्हणाला, आचारसंहिता बाहेरच्यांसाठी होती. कमेंट बदलायला तयार झालाय, माफीची ओळ "बघतो" म्हणालाय. इश्यूचं लॉक काढणार नाही म्हणतो.

त्या मुलाला पोच दिली. त्याचं उत्तर आलं, त्याला बॅन वगैरे काही नकोच होतं, बग फिक्स आत जावा एवढंच म्हणतोय.

माजघर
मग लॉक राहू दे, त्यावर अडू नका. बग फिक्सचा वेगळा पीआर मागवा आणि रिव्ह्यू तुम्ही करा, त्याला त्यात पडू देऊ नका. माफीची ओळ "बघतो"वर सोडू नका, रिलीजनंतर पुन्हा विचारा. आणि संपर्काची ओळ बदलण्याचा पीआर तुम्हीच आज टाका. कोलॅबोरेटर म्हणून तेवढं करता येतं.

दुपारचं_ऊन
पत्ता कोणाचा घालू तेच ठरत नाहीये. एकीला विचारलंय, उत्तराची वाट बघतेय. तोवर रिकामी जागा काढून माझा घालते.

माजघर
चालेल. तिचं उत्तर आलं की दोन्ही पत्ते ठेवा. उद्या तक्रार तुमच्याबद्दलही येऊ शकते.

नवशिक्या_०१
मी शांतपणे वाचत होतो. एक शंका: फॉरमॅटिंगचा मोठा कमिट कधीतरी करावाच लागला तर? गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीत) सगळ्या ओळी त्याच माणसाच्या नावावर दिसतात ना?

खटपट्या
फॉरमॅटिंग वेगळ्या कमिटमध्ये करायचं, त्यात दुसरा एकही बदल नाही. मग त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाईलमध्ये नोंदवायचा आणि ब्लेमला ती फाईल दाखवायची, तो कमिट वगळला जातो. गिट २.२३ पासून ही सोय आहे. फाईलचं नाव ठरलेलं ठेवलं तर गिटहबचा ब्लेमही ती वाचतो.

टॅब_की_स्पेस
आणि फॉरमॅट करताना टॅबच ठेवा.