कूलरला ४६ मिमीच उंची देणाऱ्या पीसीच्या पेटीत मावेल आणि रात्री आवाज करणार नाही असा प्रोसेसरचा कूलर कोणता?

वाचनमाळा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळायचा नाही.

गिरगावात चाळीत राहते. खोली दहा बाय अठरा, माणसं तीन. रात्री साडेदहानंतर खालचा रस्ता जरा निवला की मी दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. चार वर्षं झाली. माझ्या माईकपासून आईची कॉट जेमतेम सहा फुटांवर, आणि पीसी टेबलाखाली पायाशी.

मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने फोनवर विचारलं, "ताई, तुम्ही परिच्छेद संपवून थांबलात की मागे वारा का सुटतो?" मला काही समजेना. मग हेडफोन लावून तोच धडा पुन्हा ऐकला. परिच्छेद झाला की मी फाइल सेव्ह करते, तेवढ्यात पीसीचा पंखा चढतो, आणि तीन-चार सेकंदांनी उतरतो. दर परिच्छेदाला. ती मुलं पुस्तक फक्त कानांनी वाचतात आणि मी त्यांना चार वर्षं हे ऐकवतेय, हे कळल्यापासून जिवाला चैन नाही.

म्हणून नवा छोटा पीसी जुळवायचा ठरवलंय. अ‍ॅसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० (बोर्डासकट येणारी छोटी पेटी), रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, लॅपटॉपच्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह (फाइली साठवायला). पेटी १५५ बाय १५५ बाय ८० मिमी, म्हणजे दोन लिटरलाही किंचित कमी. आमचा पोळ्यांचा डबा याहून मोठा आहे. अ‍ॅडॉप्टर बाहेर असल्यामुळे पॉवर सप्लायचा वेगळा पंखा नाही, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे कार्डाचाही नाही. म्हणजे अख्ख्या पेटीत फिरणारी वस्तू एकच, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा पंखा. तोच नीट निवडायचाय.

पेटीत ४६ मिमीपर्यंतचा कूलर मावतो. प्रोसेसरच्या खोक्यात येणारा व्रेथ स्टेल्थ ५४ मिमी उंच, म्हणजे तो बाद. माझ्यासमोर तीन आहेत: नॉक्टुआ एनएच-एल९ए-एएम४ (३७ मिमी), आयडी-कूलिंग आयएस-४०एक्स (४५ मिमी) आणि थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स३६ (३६ मिमी). घरात एसी नाही. मे महिन्यात रात्री अकरालाही खोलीत ३३-३४ अंश असतात. पीसी माळ्यावर ठेवून खाली लांब वायरी सोडल्या तर चालेल का, हेही सांगा.

लॅमिंग्टन_फेरी

ताई, माझ्याकडे हीच पेटी दोन वर्षं चालू आहे, म्हणून हाताळलेलं तेवढंच सांगतो.

४६ म्हणजे ४६च. मला एका दुकानात ४७ मिमीचा कूलर "बसेल हो, एक मिलिमीटरने काय होतंय" म्हणून दिला गेला. या पेटीला झाकण नाही, बोर्डाचा ट्रे मागून ड्रॉवरसारखा आत सरकतो. ट्रे अर्ध्यावर गेला आणि पंख्याची कड पत्र्याला अडली. जोर लावला असता तर बोर्डच वाकला असता. बिल होतं तरी परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. तुम्ही खोक्यावरचा आकडा बघा, आणि तो पंख्यासकट आहे का तेही बघा.

दुसरं, एक्स३०० आला तेव्हा ५६००जी बाजारात नव्हता. पेटी जुन्या स्टॉकमधली निघाली तर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय प्रोसेसर ओळखला जाणार नाही. दुकानातच चालू करून स्क्रीन दाखवायला सांगा, आणि मगच घरी घेऊन जा.

नॉक्टुआ घेतलात तर एक लक्षात ठेवा: त्याचे स्क्रू बोर्डाच्या मागून लागतात. बोर्ड ट्रेवरून पूर्ण काढावा लागतो. कूलर टेबलावर उताणा ठेवायचा आणि वरून बोर्ड पालथा आणून भोकं जुळवायची. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे फिरवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी घट्ट केला तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट एका बाजूला पळते. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे.

ठाणे_लोकल

एवढी खटपट कशाला? ऑफिसांमधून निघालेले एक लिटरचे छोटे पीसी लॅमिंग्टन रोडवर पुष्कळ मिळतात. ३५ वॅटचा प्रोसेसर, सगळं जोडलेलं. रेकॉर्डिंगला एवढं बास.

वाचनमाळा

धन्यवाद. मैत्रिणीकडे तसाच एक आहे, परवा जाऊन ऐकून आले. आवाज कमी आहे, पण पंखा अगदी छोटा असल्यामुळे सूर फार वरचा लागतो, डासासारखा. माझ्या आवाजाच्या "स" आणि "श" मध्ये तो मिसळतो. शिवाय बहुतेकांत पंखा बदलून मोठा बसवायला जागाच नसते.

माईकच्या_मागे

वाचनमाळाताई, मी डबिंगच्या स्टुडिओत अकरा वर्षं काम करतोय. त्या मुलाने तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. त्याला पंख्याचा आवाज खुपला नाही, त्याचं *बदलणं* खुपलं. सतत एका पट्टीत चालणारा आवाज कान पाच मिनिटांत सोडून देतो. नॉइज रिडक्शनलाही तो सापडतो, कारण ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आपण सुरुवातीच्या शांततेचा नमुना देतो आणि सॉफ्टवेअर तेवढंच वजा करतं. पंखा मध्येच मिनिटाला १२०० वरून २२०० फेऱ्यांवर गेला की तो नमुना निरुपयोगी. मग एक तर वारा राहतो, नाहीतर वाऱ्याबरोबर तुमचा आवाजही घासला जातो आणि पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा येतो.

म्हणून कुठलाही कूलर घ्या, पण पंख्याचा वेग बायोसमध्ये सपाट करा. प्रोसेसर ७० अंशांवर जाईपर्यंत एकच वेग, आणि त्याच्या पुढेच चढण. हे प्रोसेसर एका क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतात आणि लगेच खाली येतात. पंख्याने प्रत्येक उडीमागे धावायचं कारण नाही. तापणारा चिप इवलासा असतो, कूलरचा सगळा धातू तापायला वेळ लागतो.

दोन स्टुडिओतल्या गोष्टी. तुमचा माईक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा, पाठीमागून तो सर्वांत कमी ऐकतो. आणि प्रत्येक धड्याआधी दहा सेकंद गप्प बसून खोली रेकॉर्ड करा. तोच तुमचा नमुना.

आणखी एक, ही पेटी टेबलावर थेट ठेवू नका. टेबलाची फळी ढोलकीच्या पुडीसारखी वाजते. खाली घडी घातलेली सतरंजी पुरते.

उकाडा_पश्चिम

तापमानाचं मी सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. परदेशी परीक्षणं २०-२२ अंशांच्या खोलीत केलेली असतात. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो हवेच्या *वर* अमुक अंश राखतो. तिथे ६८ दिसलं तर मे महिन्यातल्या गिरगावात ८० धरून चला. ५६००जीची मर्यादा ९५ अंश आहे, तेव्हा बिघाडाची भीती नाही, पण शांततेसाठी हाताशी ठेवलेली सगळी सवलत उकाड्यात खर्च होते.

ती परत मिळवायचा मार्ग कूलरमध्ये नाही, प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये आहे. ६५ वॅट लिहिलेला हा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ८८ वॅटपर्यंत घेतो. तो अधिकृतपणे ४५ वॅटवरही चालवता येतो, मग वरची हद्द ६१ वॅटच्या आसपास येते. आवाज रेकॉर्ड करताना आणि एमपीथ्री काढताना हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. उष्णता मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी.

आता तुमचे तीन. आयएस-४०एक्स ४५ मिमी, त्याचे धातूचे पत्रे उंच, चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), नुसत्या थंड करण्यात तो पुढे. पण ४६ च्या पेटीत पंखा आणि पेटीची जाळी यांत उरतो एक मिलिमीटर. पंख्याला हवा ओढायला जाळी इतकी जवळ आली की पंख्याची पाती भोकांवरून जाताना शिट्टीसारखा सूर लागतो. तुम्हाला नेमका तोच नकोय. नॉक्टुआला ९ मिमी मोकळे मिळतात. त्यात हीटपाइप दोनच आहेत, पण ४५ वॅटला पुरतात. त्याचा पंखा पूर्ण वेगाला २५०० फेरे, सोबतच्या, वेग कमी करणाऱ्या छोट्या अडथळा-वायरने १८००. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे आवाज २३.६ वरून १४.८ डेसिबलवर येतो. एएक्सपी९०-एक्स३६ ला चार हीटपाइप आणि १० मिमी मोकळे, बजेट कमी असेल तर तो घ्या. मी मात्र पंख्यासाठी नॉक्टुआ निवडीन.

माळ्याचं मनातून काढून टाका. पत्र्याखालची सगळी गरम हवा तिथेच साठते. खालच्या खोलीत ३४ असतील तर माळ्यावर दुपारी ४० धरा.

वाचनमाळा

तीन आठवड्यांनी लिहितेय, पण पूर्ण करून लिहितेय.

नॉक्टुआ घेतला. दुकानात पीसी चालू करून बघितला, आणि प्रोसेसर ओळखलाच नाही! लॅमिंग्टन_फेरी दादांनी सांगितलं नसतं तर मी घरी आणून रडत बसले असते. दुकानदाराने अर्ध्या तासात बायोस अपडेट करून दिला.

कूलर घरी मीच बसवला. आईने टॉर्च धरला. पालथा बोर्ड वरून आणताना भोकं दिसत नाहीत, ती बोटाच्या टोकाने चाचपून शोधावी लागतात. तिसऱ्या प्रयत्नात जुळली. पहिल्या दोन वेळची पेस्ट पुसून पुन्हा लावली.

४५ वॅट, पंखा ७० अंशांपर्यंत १३०० फेऱ्यांवर स्थिर. काल रात्री खोली ३२ होती. वाचताना प्रोसेसर ४८ ते ५५, सेव्ह करताना क्षणभर ६४, आणि पंखा जागचा हलला नाही. अख्खं पुस्तक एकदम एमपीथ्री करायला लावलं तेव्हा ७६ पर्यंत गेला आणि पंखा चढला, पण ते काम मी सकाळी चहाच्या वेळी करते.

पहिल्या रात्री एक बारीक घूं ऐकू येत होती. तळहात जाळीजवळ नेला तर पेटीतली गरम हवाच वळून पंख्यात परत जातेय असं वाटलं. पंखा आणि जाळी यांतली फट बुजवणारी फोमची चौकट या कूलरसाठी तयार मिळते असं वाचलं होतं. मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून १० मिमीचा काळा फोम आणून पंख्याच्या मापाची चौकट कापली. ती चुकली. ट्रे आत सरकवताना फोम जाळीला घासून गोळा झाला आणि पात्यात अडकायला आला. मग ८ मिमीचा आणला, चौकटीची बाहेरची कड कटरने तिरकी केली आणि कोपऱ्यांना दुहेरी टेप लावली. आता ट्रे सरळ आत जातो, घूं गेली, आणि तापमान आणखी तीन अंश उतरलं. ही पेटी घेणाऱ्यांनी १० चा फोम आणू नका.

माईकची पाठ पीसीकडे केली. पीसी टेबलाखालून काढून कपाटाच्या शेजारी, सतरंजीच्या घडीवर ठेवला. आई आता कुशी बदलत नाही.

इतिहासाचा पाचवा धडा काल त्या मुलाला पाठवला. आज दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, वारा नाही. पण घड्याळ आहे." भिंतीवरचं घड्याळ काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवलंय. टिकटिक न करणारं, सरकत्या काट्याचं घड्याळ मुंबईत कुठे चांगलं मिळतं, कुणाला माहीत आहे का?