मदत हवी आहे: ‘वी रिअल कूल’ या कवितेत नक्की कोण बोलतंय?

नमस्कार मंडळी. अमेरिकन कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची ही 1959 ची कविता अकरावीच्या मुलांसोबत वाचायची आहे. शाळा सोडून पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळत बसलेली सात पोरं, अवघ्या आठ ओळी. ‘वी’ (We, म्हणजे ‘आम्ही’) आठ वेळा येतं. पहिलं कवितेच्या सुरुवातीला, बाकीची सात एकेका ओळीच्या शेवटी लोंबकळत. आठव्या ओळीत, जिथे लवकर मरण्याची गोष्ट येते, तिथे मात्र शेवटी ‘वी’ नाही.

ब्रुक्सबाईंनी म्हटलंय की ते ‘वी’ हळू आवाजात वाचावं, कारण या मुलांना स्वतःच्या असण्याचीच खात्री नाही. हे कळल्यापासून मला या मुलांच्या बोलण्यातली फुशारकी ऐकूच येत नाही. घोळक्यात असूनही प्रत्येक जण एकटा पडलाय असं वाटत राहतं.

माझी अडचण अशी: या ‘वी’ला ध्रुवपद म्हणावं का? आणि शेवटची ओळ मुलंच बोलतात, की तिथे त्यांच्या तोंडून कवयित्री बोलते? सोळा-सतरा वर्षांचं पोर स्वतःबद्दल असं म्हणेल, हे मला पटत नाही. कोणी वर्गात शिकवली असेल तर मोठ्याने वाचताना ओळीच्या शेवटी किती थांबता, तेही कृपया सांगा.