मदत हवी आहे: कार्ड एकच, राउटर दोन; बाहेरून एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन) लागत नाही

मंडळी, राउटिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू सर्व्हर २२.०४ आहे. नेटवर्क कार्ड एकच, इंटरनेटच्या लाइनी दोन. फायबर वेगवान, पण सीजीनॅटमागे (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते; राउटरला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो), म्हणून बाहेरून आत शिरता येत नाही. दुसरी लाइन रडतखडत चालते, पण तिला स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) आहे. दोन्ही राउटर एकाच स्विचला जोडलेत. कार्डाला दोन पत्ते दिलेत, १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.२.१०, डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाणारं सगळं ज्याच्याकडे जातं तो राउटर) फायबरचा, १९२.१६८.१.१; दुसरा राउटर १९२.१६८.२.१.

दुसऱ्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं या सर्व्हरकडे वळवणं) करून बाहेरून एसएसएच केलं की कनेक्शन नुसतं लटकतं. घरातून २.१० ला लगेच लागतं. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट बघायचं साधन) सिन (कनेक्शनची विनंती) येताना दिसतो, सिन-अ‍ॅक (त्याचं उत्तर) जातोही, पण त्यावर मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) फायबरच्या राउटरचा! फायरवॉल बंद करून पाहिली, ढिम्म फरक नाही. २.१ चा डिफॉल्ट रूट मेट्रिक (प्राधान्याचा आकडा, लहान तो आधी) २०० ने टाकलाय, तो नुसता पडून आहे. मेट्रिक उलटे केले की एसएसएच लागतं, पण मग रात्रीचा बॅकअप हळू लाइनीने जातो.

दुसरं कार्ड घ्यावंच लागेल का? की आरपी फिल्टरची (चुकीच्या वाटेने आलेली पॅकेट टाकून देणाऱ्या तपासणीची) भानगड आहे?

प्रतिसाद:
कार्डावर पैसे घालू नका, दोन असती तरी हेच झालं असतं. पॅकेट कुठे जायचंय एवढंच पाहून लिनक्स रूट निवडतं. कुठल्या पत्त्यावरून निघालंय ते नियम घातल्याशिवाय बघत नाही. तुमचं उत्तर फायबरच्या राउटरकडे जातं. त्याने मुळात सिन पाहिलेलाच नाही, मग ते पुढे जाऊन उपयोग काय? आरपी फिल्टर सोडून द्या, तो इंटरफेस (पॅकेट कुठल्या कार्डावर आलं ते) तपासतो आणि तुमचा एकच आहे.

वेगळं राउटिंग टेबल १०० करा, त्यात डिफॉल्ट २.१ मार्गे. मग आयपी रूल: १९२.१६८.२.१० वरून निघालेलं सगळं टेबल १०० ने. त्या टेबलात २.० चं सबनेटही (घरातल्या नेटवर्कचा तो भाग) टाका, नाहीतर घरातल्या लॅपटॉपचं उत्तरही राउटरला वळसा घालून जाईल. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहिलंत की रीबूटनंतरही टिकेल. आधी 'नेटप्लॅन ट्राय' चालवा; १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनं सेटिंग परत येतं.

धागाकर्ता:
लागलं! आता एकच: फायबर बंद पडली तर मेट्रिक २०० वाला रूट आपोआप का पकडत नाही?

प्रतिसाद:
कारण स्विच चालू आहे, म्हणजे कार्डाच्या मते लिंक ठणठणीत. पलीकडचं इंटरनेट गेलेलं त्याला कळत नाही. पिंग करून रूट बदलणारी छोटी स्क्रिप्ट लागेल.