मदत हवी आहे: टेस्ट एकेकटी चालवली तर पास, सगळ्या मिळून फेल

रानवारा (बुधवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. डिफॉल्ट व्हॅल्यू देणारी डिक्शनरी (म्हणजे की, अर्थात शोधायची खूण, आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांची वही) केली आहे. की नसली तर शून्य द्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्या चार युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) लिहिल्या. एकेक चालवली की चारही हिरव्या, एकदम चालवल्या की तिसरी लाल. ३ यायला पाहिजेत तिथे ४ येतात. दोन तास डोकं खाजवतोय. कोडमध्ये चूक नाहीये, चारचारदा बघितलंय. उद्या सकाळी सहाच्या आत पाहिजे. कुणाला असं झालंय का?

चकली (९:१९)
भाषा कोणती? टेस्ट कशाने चालवता? तिसरी टेस्ट नेमकं काय तपासते? आणि कोड कुठाय?

जुनाजाणता (९:२३)
सी शार्प असेल तर चौकटी कंसाने वाचूच नये. नसलेली की मागितली तर सरळ एक्सेप्शन (एरर) येतं. ट्रायगेटव्हॅल्यू वापरा. पंधरा वर्षं वापरतोय, कधी तक्रार नाही.

रानवारा (९:२६)
पायथन हो, अजून काय असणार. पायटेस्ट. कोड डकवला तर इथला एडिटर रोमन अक्षरं बघून लाल पट्टी दाखवतो, म्हणून शब्दांत सांगतो. पायथनच्या कलेक्शन्स मॉड्यूलमधला डिफॉल्टडिक्ट घेतलाय, फॅक्टरी (नसलेल्या कीसाठी व्हॅल्यू बनवणारं फंक्शन) फ्लोट, म्हणजे दशांश आकडा. पहिली टेस्ट: तीन नोंदी आल्या का. दुसरी: ९९९ ही नसलेली की विचारली तर ०.० येतं का. तिसरी: लांबी ३ आहे का. चौथी: बेरीज.

जुनाजाणता (९:२८)
पायथन का पण? टाइप सक्तीचे नाहीत म्हणूनच हे घोळ होतात.

सातूचंपीठ (९:३०)
झालं सुरू. मी चहा टाकून येतो.

निळीशाई (९:३४)
रानवारा, दुसऱ्या टेस्टमध्ये ९९९ चौकटी कंसात विचारताय ना? मग चोर तिथेच आहे. डिफॉल्टडिक्टला चौकटी कंसात नसलेली की विचारली की तो फॅक्टरी चालवतो, आलेली व्हॅल्यू त्या कीखाली *ठेवतो*, आणि मग तुमच्या हातात देतो. नुसती चौकशी केली तरी वहीत नाव चढतं. तुमची टेस्ट तपासता तपासता डिक्शनरी बदलतेय. 'इन' लावून (की आहे का एवढंच) विचारलंत किंवा गेट ही मेथड वापरलीत तर असं होत नाही. मात्र गेट फॅक्टरीला हातच लावत नाही, त्यामुळे त्यातून शून्य नाही, नन (म्हणजे 'काहीच नाही') मिळेल.

बाराखडी (९:३७)
+१. सी प्लस प्लसच्या मॅपलाही हीच खोड आहे. चौकटी कंसाने वाचलं की रिकामी नोंद तयार. कॉन्स्ट (न बदलता येणाऱ्या) मॅपवर तो कंस चालतच नाही तो त्यामुळेच.

रानवारा (९:४०)
बरोबर, पण प्रत्येक टेस्टला फिक्श्चर (टेस्टआधी तयार करून दिलेला डेटा) नवीन मिळतं ना? दुसरीने घाण केली तर तिसरीला का दिसावी?

चकली (९:४१)
फिक्श्चरचा स्कोप काय ठेवलाय, म्हणजे ते कितीदा नव्याने बनतं?

रानवारा (९:४३)
मॉड्यूल, म्हणजे टेस्टच्या अख्ख्या फाइलला एकच. डेटाची फाइल वाचायला वेळ लागतो म्हणून एकदाच वाचतो. हे सांगायला पाहिजे होतं का?

चकली (९:४४)
🤦 हेच सांगायला पाहिजे होतं. चारही टेस्ट एकाच डिक्शनरीवर चालल्यात.

सातूचंपीठ (९:५०)
मग स्कोप काढून टाका, आपोआप फंक्शन होईल, म्हणजे दर टेस्टला नवं. विषय संपला. पुढच्या धाग्यावर चला.

निळीशाई (९:५४)
विषय संपला नाही हो. स्कोप बदलला की टेस्ट हिरवी होईल, पण डिक्शनरी तशीच राहील. आत्ता ती टेस्ट चुकून का होईना खरं बोलतेय, तुम्ही तिचं तोंड दाबायला सांगताय. रानवारा, ही डिक्शनरी नक्की कशाला वापरता?

सातूचंपीठ (९:५६)
टेस्टने एकमेकींवर अवलंबून राहू नये हा पहिला धडा आहे. तो आधी पाळा, मग तत्त्वज्ञान.

निळीशाई (९:५७)
पाळा की. मी नको कुठे म्हटलं? पण स्कोप बदलण्याआधी दुसऱ्याच टेस्टमध्ये, ९९९ विचारून झाल्यावर, लांबी बदलली नाही ना हे तपासणारी ओळ घाला. ती एकटीने चालवली तरी लाल होईल. लाल व्हायलाच पाहिजे.

रानवारा (१०:०५)
गावच्या दूध संस्थेसाठी आहे. माझा चुलता तिथे सचिव आहे. की म्हणजे सभासदाचा कोड नंबर, व्हॅल्यू म्हणजे त्या वेळचे लिटर. सकाळचं संकलन झालं की चिठ्ठ्या छापायच्या. त्यात अजून एक भानगड आहे, ज्यांनी दूध घातलं नाही त्यांच्याही ०.० लिटरच्या चिठ्ठ्या निघतात. चुलत्याने रोज कागद वाया जातो म्हणून बोंब मारलीय. पण ते वेगळं, ते नंतर बघू. आधी टेस्ट.

निळीशाई (१०:०७)
वेगळं???

चकली (१०:०७)
अहो तेच आहे ते!

बाराखडी (१०:०८)
काखेत कळसा. 🙏

निळीशाई (१०:१३)
अंदाजाने सांगते, चुकलं तर सांगा. छापण्याआधी तुम्ही सगळ्या सभासदांवरून एक फेरी मारता, आज कोण आलं नाही ते काढायला. त्या फेरीत चौकटी कंसाने शून्याशी तुलना करता. मग डिक्शनरीवरून दुसरी फेरी मारून चिठ्ठ्या छापता. पहिल्या फेरीनेच गैरहजर लोकांची नावं आत घातली.

रानवारा (१०:१८)
तुम्ही माझा कोड बघितला का कुठे?

गवळण७ (१०:२१)
धाग्याशी थेट संबंध नाही, पण दुधाचा विषय निघाला म्हणून. नुसते लिटर ठेवून कसं चालेल? फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नको का? गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६.० आणि ९.० धरून दर निघतो. माझे वडील आयुष्यभर डेअरीत होते. लिटरवर बिल काढलं तर पाणी घालणाऱ्यांचं फावतं.

जुनाजाणता (१०:२४)
आणि पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका. ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३ येत नाही. डेसिमल वापरा.

रानवारा (१०:२६)
पैसे यात नाहीतच. फॅट दुसऱ्या फाइलमध्ये आहे. मला फक्त चिठ्ठ्या पाहिजेत. 😩

सातूचंपीठ (१०:३१)
काउंटर वापरा. कलेक्शन्समध्येच आहे. नसलेल्या कीला शून्य देतो आणि ठेवत नाही. दशांशही चालतात. एक शब्द बदला आणि झोपा. (बघा, मीही तत्त्वज्ञान सोडून उपाय दिला.)

निळीशाई (१०:३५)
चालेल, पण अपडेट वापरत असाल तर सांभाळा. साध्या डिक्टचा अपडेट जुनी व्हॅल्यू पुसून नवी लिहितो, काउंटरचा अपडेट बेरीज करतो. कुणाची नोंद चुकली, साडेचारच्या जागी साडेपाच करायला अपडेट केलं, की दहा लिटर दूध.

रानवारा (१०:३६)
दुरुस्त्या अपडेटनेच करतो. काउंटर नको.

सातूचंपीठ (१०:३७)
ठीक आहे. त्या सभासदाचा तरी फायदा झाला असता.

निळीशाई (१०:४२)
साध्या डिक्टचा पोटक्लास करा आणि त्यात डंडर मिसिंग (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) ही एकच मेथड लिहा, जी नुसतं ०.० परत देते, ठेवत नाही. चौकटी कंसाला की सापडली नाही की पायथन तिलाच हाक मारतो. अधिक-बरोबर (+=) पण चालतं, कारण ते आधी वाचतं (शून्य मिळतं), बेरीज करतं आणि मग स्वतः लिहितं.

चकली (१०:४५)
किंवा डिफॉल्टडिक्टच ठेवा आणि भरून झाल्यावर त्याची डिफॉल्ट फॅक्टरी नन करा. मग तो साध्या डिक्टसारखा वागतो. कुणी नसलेली की विचारली तर कीएरर, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

निळीशाई (१०:४७)
पहाटे किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असताना कीएरर? सचिवकाका ह्याला घरातून हाकलतील.

चकली (१०:४९)
चूक लपण्यापेक्षा ओरडलेली बरी. पण हो, रांगेत नको.

रानवारा (११:२०)
निळीशाईताईंचं केलं. लिटरचं चालतंय, लांबीची ओळपण हिरवी. पण आता दुसरंच मोडलं. तोच क्लास मी नोंदींच्या डिक्शनरीलाही लावला. तिथे व्हॅल्यू यादी आहे, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी अपेंड करतो (शेवटी जोडतो). ०.० ऐवजी डिफॉल्ट कन्स्ट्रक्टरला (डिक्शनरी बनवतानाच) देता येईल असं केलं आणि तिथे रिकामी यादी दिली. आता कुणाच्याही नोंदी बघा, सगळ्या गावाच्या दिसतात!

बाराखडी (११:२३)
दुसरी डिक्शनरी आहे हे पण "सांगायला पाहिजे होतं का?" 😄

निळीशाई (११:३१)
क्लासला यादी दिलीत, यादी बनवणारी फॅक्टरी नाही. त्यामुळे गावाला एकच यादी. १०१ ने अपेंड केलं ते २०५ लाही दिसणार. डिफॉल्टडिक्ट पहिल्या जागी कॉलेबल (फंक्शनसारखी चालवता येणारी गोष्ट) किंवा ननच मागतो, नाहीतर टाइपएरर देतो, तो ह्याचसाठी.
आता तुम्ही फॅक्टरी द्याल आणि उलटं होईल, म्हणून आधीच सांगते. न ठेवणारी मिसिंग दर वेळी नवी यादी देईल, तुम्ही तिच्यात अपेंड कराल, आणि ती हवेत जाईल. आकड्याला अधिक-बरोबर परत लिहितं, अपेंड लिहीत नाही. यादीला ठेवावंच लागतं. तेव्हा तिथे डिफॉल्टडिक्ट आणि लिस्ट हीच जोडी ठेवा, फक्त *वाचताना* गेट वापरा आणि दुसरं आर्ग्युमेंट रिकामी यादी द्या.
टेस्ट अशी लिहा: १०१ मध्ये अपेंड करा, २०५ रिकामी आहे का बघा, आणि १०१ पुन्हा वाचून नोंद टिकली आहे का बघा. ह्या एका टेस्टमध्ये तुमच्या दोन्ही चुका पकडल्या जातात.

चकली (११:३८)
अजून एक. डिफॉल्टडिक्टची साध्या डिक्टशी बरोबर-बरोबर (==) तुलना फक्त आतला माल बघते, फॅक्टरी बघत नाही. ती टेस्ट हिरवी आली म्हणून फॅक्टरी बरोबर आहे असं समजू नका. नसलेली की विचारूनच बघावं लागतं, आणि विचारलं की नाव चढतं, म्हणून ती विचारणा त्या टेस्टची शेवटची ओळ ठेवा.

जुनाजाणता (११:४४)
सी शार्पमध्ये यातलं एकही झालं नसतं.

बाराखडी (११:४५)
काका, झोपा आता.

रानवारा (गुरुवार, सकाळी ७:०५)
सहा टेस्ट आहेत आता, उलट्या क्रमाने चालवल्या तरी हिरव्या. स्कोप पण फंक्शन केला, सातूभाऊ खूश. फाइल वाचायला वेळ लागतो म्हणत होतो ते मोजलं तर अर्धा सेकंदसुद्धा नाही. आज सकाळी २१२ सभासदांपैकी १८७ जणांनी दूध घातलं आणि १८७ च चिठ्ठ्या निघाल्या. चुलता म्हणतोय की कोण आलं नाही त्याची वेगळी यादी छापून दे.

निळीशाई (७:१२)
छान. ती यादी काढताना 'इन' वापरा हं.

गवळण७ (७:४०)
फॅटचं काय ठरलं?

मोगरा_ (८:१५)
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे पण एक्सेलमध्ये. व्हीलूकअपला नाव सापडलं नाही तर शून्य यायला पाहिजे. कसं करायचं? अर्जंट आहे.

चकली (८:१८)
इफएररमध्ये गुंडाळा. आणि नवीन धागा काढा. आणि कोणतं एक्सेल ते लिहा.