अनुभव धागा: साडेतीनशेची रेट्रो बाईक, काय बदललंत आणि काय तसंच ठेवलंत?

नमस्कार मंडळी. २२ सप्टेंबर २०२५ ला साडेतीनशे सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हापासून ओळखीतले सगळे विचारतायत की रॉयल एनफिल्डची हंटर घेऊ का क्लासिक, होंडाची सीबी बघू का टीव्हीएसची रोनिन, आणि गाडी बुक व्हायच्या आधीच अ‍ॅक्सेसरीजची यादी तयार असते. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी लिहा: कुठली गाडी, कुठे चालवता, काय लावलंत, काय काढून टाकलंत. फोटोपेक्षा वापर सांगा.

सुरुवात माझ्यापासून. पुणे, हंटर ३५०, २०२२ मध्ये आली तेव्हाची. ३४९ सीसी, वीस बीएचपी, १८१ किलो. कागदावर वीस बीएचपी म्हणजे काही नाही, पण २७ एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, चार हजार आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे सिंहगड रोडच्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर टाकून निवांत जाता येतं आणि क्लच दाबत बसायला लागत नाही, हेच तर हवं होतं मला. गाड्यांच्या सामानासाठी नाना पेठेत चक्कर मारली की दहा गोष्टी घ्याव्याशा वाटतात. मी पैसे घातले ते फक्त मागच्या शॉकअपमध्ये, कारण आई मागे बसते आणि तिची कंबर नाजूक आहे. पण नवीन शॉकअप घ्यायच्या आधी एक करा, प्रीलोडला, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्या सेटिंगला, सहा स्टेप असतात, सी आकाराच्या पान्याने फिरवून बघा. एकटे चालवत असाल तर एवढ्यानेच बराच फरक पडतो आणि एक पैसा लागत नाही. २०२५ च्या मॉडेलला कंपनीने मागची स्प्रिंग बदलली, हलका दाबला जाणारा स्लिप-असिस्ट क्लच दिला, ग्राउंड क्लिअरन्सही वाढवला, तेव्हा नवीन घेणाऱ्यांनी आधी डबल सीट टेस्ट राइड घ्या.

ठाण्याहून
ताई, दादा, सगळ्यांना नमस्कार. माझी उंची पाच फूट दोन इंच, गाडी हंटर, सीट ८०० मिमी. उंची कमी असलेल्या मुलींसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. शोरूममध्ये सांगतात की सस्पेन्शन खाली करून घ्या, ते करू नका, स्पीड ब्रेकरला पोट घासतं. मी सीटवाल्याकडे गेले. त्यांनी मला गाडीवर बसवलं, पाय खाली सोडायला सांगितले आणि मांड्या जिथे सीटच्या कडेला अडत होत्या तिथे दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारली. मग कव्हरच्या पिना उपटून करवतीच्या पात्याने फोमच्या कडा तिरक्या कापल्या, वरून फक्त थोडासा काढला. मला वाटत होतं सीट खाली करणं म्हणजे सीट पातळ करणं, पण खरं काम कडा अरुंद करण्यात आहे, पाय सरळ खाली येतो. वरून जास्त कापलं तर खालचं प्लास्टिक टोचायला लागतं आणि नाशिकपर्यंतसुद्धा बसवत नाही. परत बसवलं, परत थोडं घासलं, असं तीन-चारदा, आणि मगच कव्हर चढवलं. आता सिग्नलला दोन्ही चवडे नीट टेकतात. याच्याइतका उपयोगाचा खर्च मी या गाडीवर दुसरा केलेला नाही. बाकी गाडी आहे तशीच आहे, अगदी आरसेसुद्धा.

कोल्हापूर
आमच्या घरात बुलेट वडलांपासनं, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. वडील अजून म्हणत्यात आवाज गेला रं. खरं हाय, जुन्या इंजिनाची धडधड ह्या नव्या जे सिरीजच्या इंजिनात न्हाई, पण ऐंशीवर हँडल धरून हात बधिर व्हायचं ते बी आता होत न्हाई, हे बी तितकंच खरं. माझी क्लासिक, तारांची चाकं. गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ऊसगाड्या, काय काय पडलेलं असतंय, आणि ट्यूबचा टायर पंक्चर झाला की १९५ किलोची गाडी रात्री ढकलायची म्हणजे काय ते ज्यानं ढकललीय त्यालाच कळतंय. म्हणून अलॉय टाकली, ट्यूबलेस केली. दिसाय तारांची चाकंच भारी, त्यात वाद न्हाई, ती जपून ठेवल्यात. अलॉय घेताना एबीएसची रिंग (चाकाचा वेग मोजाय लागती ती) नीट बसतीय का ते दुकानातच उभं राहून बघा, नुसतं माप जुळलं म्हणून घरी आणू नका.

नागपूर
भाऊ, सायलेन्सरबद्दल कोणीच लिहून नाही राहिलं म्हणून लिहितो. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोलरखाली चिरडतात, हे नागपूर-पुण्यात सगळ्यांनी पाहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. टाकीचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद, हे करूनच घ्या. पण कायद्याच्याही आधी एक सांगतो, आपल्या शेजारी म्हातारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात, रात्री अकराला त्यांची झोप मोडून आपला शौक कशाला. मूळ सायलेन्सरचा आवाज गोडच आहे.

संभाजीनगर, गॅरेजवाला
नागपूरकरांना शंभर टक्के अनुमोदन. माझा विषय वायरिंगचा. एलईडी लावतात, हॉर्न लावतात, मोबाइल चार्जर लावतात आणि प्रत्येक वेळी मूळ वायर सोलून तिथेच पीळ मारून टेप गुंडाळतात. एक पावसाळा गेला की ती टेप सोडवून बघा, आत तांबं हिरवं पडलेलं असतं, नुसतं चिमटीत धरलं तरी भुगा होतो. मग गाडी मधेच बंद पडते आणि लोक म्हणतात रेट्रो गाड्या अशाच. गाडीचा काय दोष? जास्तीच्या लाइटला बॅटरीपासून वेगळी लाइन घ्या, मधे रिले (लाइटचा जास्तीचा करंट मूळ बटणावर न येऊ देणारा स्विच) आणि फ्यूज टाका, जोड कपलरने, म्हणजे प्लगसारख्या जोडणीने करा. वॉरंटीत असताना तर मूळ वायर कापूच नका. आणि चेनला दर पाचशे किलोमीटरला लूब, पावसात त्याच्याही आधी. कितीही सजवा, चेन कोरडी असेल तर माझा जीव तुटतो.

सावंतवाडी
पावसात आंबोली चढणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. मागे मडगार्डला खाली जोडपट्टी लावा, नाहीतर तांबडी माती थेट पाठीवर. आणि धुक्यासाठी पिवळा लाइट, पांढरा नको, पांढऱ्याची धुक्यात भिंतच उभी राहते. क्रोमवाली गाडी समुद्राजवळ ठेवणार असाल तर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायची तयारी ठेवा. मी म्हणूनच मॅट काळी घेतली.

बर्मिंगहॅम
सावंतवाडीकर, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तुमचीच गोष्ट आमची. मी शरदातच इंजिनच्या बोल्टांवर आणि फ्रेमच्या सांध्यांवर एसीएफ-५० हा गंजरोधक स्प्रे मारून ठेवतो, ब्रेकच्या डिस्कवर मात्र चुकूनही नको. माझी हंटर, ए-टू लायसन्सवर (इथलं मध्यम ताकदीच्या बाईकचं) चालते, नवशिक्यांना इन्शुरन्सही झेपतो. इथून रेडिच जवळच आहे, रॉयल एनफिल्डचं मूळ गाव. तिथे मद्रासमध्ये बनलेली आपली गाडी घेऊन गेलो तेव्हा ऊर भरून आला. एका इंग्रज आजोबांनी थांबवून गाडीभोवती फेरी मारली आणि त्यांच्या तरुणपणीच्या बुलेटबद्दल बोलत राहिले. मी काहीच बदललेलं नाही, फक्त टाकीवर छोटा भगवा स्टिकर आहे.

नाशिक
जावा चालेल का धाग्यात? २०१८ मध्ये परत आली तेव्हाची, २९३ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, दोन सायलेन्सर. मामांच्या जुन्या जावाला किक आणि गिअरचा दांडा एकच होता, तो पुढे ढकलला की गिअर, मागे फिरवून मारला की किक, लहानपणी जादूच वाटायची. मी रायझर (हँडलखाली बसवायचा उंची वाढवणारा तुकडा) लावून हँडल वर घेणार आहे, खांदे दुखतात. कुणी लावलंय का, केबल पुरतात का?

संभाजीनगर, गॅरेजवाला
चालेल की जावा. नाशिककर, रायझर लावल्यावर गाडी स्टँडवर न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. वळवताना आरपीएम आपोआप वाढला तर अ‍ॅक्सिलेटरची केबल ओढली जातेय. क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा पाइपही बघा, ताण दिसला की कमी उंचीचा रायझर घ्या किंवा लांब केबल टाका. ब्रेकचा पाइप ताणलेला असेल तर तशी गाडी रस्त्यावर काढूच नका.