अनुभव धागा: हिवाळाभर बंद राहणारी कॅराव्हॅन, ओल, बुरशी आणि बाहेरचा हिरवा थर

मंडळी, आमचा यंदाचा सीझन संपला. शेवटची ट्रिप व्हिटबीला झाली, आता मार्चपर्यंत कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशरच्या पावसात दारात उभी. गेल्या वर्षी घेतली तेव्हा आम्ही अगदीच नवखे, २०१२ ची सेकंडहँड चार बर्थची, नोव्हेंबरात कुलूप लावलं आणि चावी खुंटीला टांगली, संपला विषय. मार्चमध्ये दार उघडलं तर आजोळी चिपळूणला माळ्यावरची ट्रंक श्रावणात उघडली की यायचा तो वास, डिट्टो. गाद्या उचलल्या तर भिंतीला टेकलेल्या बाजूला काळे ठिपके, पापडात जिरं असतं ना तसे. बाहेरून उत्तरेकडची बाजू हिरवीगार, नखाने खरवडलं तर नखात शेवाळ.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणे आगोटीची कामं केली नाहीत वाटतं. तेच तर! गावाला मे महिन्यात घर शाकारणं, पावसाच्या बाजूला झापं बांधणं, लाकडं आत घेणं हे कोणी सांगावं लागत नाही, पण हिवाळ्याची आगोट कशी करतात ते आम्हाला कोण शिकवणार. म्हणून हा धागा. काय केलंत, काय फसलं, सगळं लिहा. आणि मुख्य म्हणजे कव्हर घालायचं का नाही? नवरा म्हणतो घालू, शेजारचे आजोबा म्हणतात चुकूनही नको.

रानवाटा (डर्बीशर)

आमचं अकरावं वर्ष, त्यामुळे चुकाही अकरा वर्षांच्या आहेत, बसा निवांत.

पहिल्या हिवाळ्यात मी शहाणपणा करून निळी ताडपत्री आणली, गावाकडे गवताच्या गंजीवर टाकतो तशी टाकली आणि नायलॉनच्या दोरीने करकचून आवळली. मला वाटलं आता पाण्याचा थेंब शिवत नाही. वारा सुटला की रात्रभर फडफड फडफड. मार्चमध्ये काढली तर समोरची मोठी खिडकी धुरकट, मला वाटलं धूळ आहे, पुसली, परत पुसली, आणि मग कळलं की ते ओरखडे आहेत. कॅराव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसतात हो, अ‍ॅक्रिलिकच्या असतात. न धुताच झाकलेली, म्हणजे अंगावर रस्त्याची बारीक माती तशीच, वर ताडपत्री हलतेय, चार महिने पॉलिश पेपर फिरवल्यासारखं झालं. ती खिडकी बदलायला जे पैसे गेले त्यात दोन चांगली कव्हरं आली असती.

आतली गंमत वेगळीच. ताडपत्रीतून हवा जात नाही त्यामुळे आतला दमटपणा आतच. साधा हिशोब आहे, २० डिग्रीची हवा एका घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते, शून्याला आली की जेमतेम ५ ग्रॅम. बाकीचं पाणी कुठेतरी जाणारच, ते खिडकीच्या आतून, कपाटाच्या मागे, गादीच्या खाली बसतं. दिवसा ऊन पडलं की परत वाफ, रात्री परत थेंब, असं चार महिने चालू.

आता काय करतो तर आधी छप्पर, मग बाजू, मऊ ब्रश आणि कॅराव्हॅनचा शाम्पू. प्रेशर वॉशर खिडक्यांच्या रबरावर आणि सांध्यांवर अजिबात मारू नका, पाणी आत ढकललं जातं. मग दोन कोरडे दिवस मिळाले की (इथे ते ऑक्टोबरात मिळणं म्हणजे लॉटरीच) हवा खेळती ठेवणारं, मापाचं कव्हर, पट्टे घट्ट. ओल्या गाडीवर कव्हर घालायचं म्हणजे ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवण्यासारखंच.

आणि जमिनीजवळची, छपरावरची कायमची व्हेंट्स (हवेची भोकं) बुजवू नका. माझ्या मेव्हण्याने थंडी येते म्हणून टेप लावली होती. ती गॅस बाहेर जायला आणि हवा फिरायलाच ठेवलेली असतात.

चहापोहे

मी आजोबांच्या पार्टीतला. सात वर्षं कव्हर नाही. ऑक्टोबरात धुऊन वॅक्स मारतो, जानेवारीत एक कोरडा दिवस बघून परत धुतो, शेवाळ धरतच नाही. कव्हर घातलं की माणूस निर्धास्त होतो, चार महिने ढुंकून बघत नाही, तोच खरा घोळ. फक्त झाडाखाली उभी करू नका, आमच्याकडे लाइमच्या (लिंबू नव्हे, लिंडेन) झाडाचा चिकटा पडायचा आणि त्यावर काळी बुरशी, छप्पर घासून घासून खांदे गेले.

भटकभवानी (ब्रिस्टल)

ओल बाहेरूनच येते असं नाही हां, आमची आतून आली. पहिल्या वर्षी टाकी रिकामी केली आणि वाटलं पाणी संपलं. पण पाइपात, नळात, शॉवरच्या डोक्यात थोडं थोडं राहिलेलंच. पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं, त्याला जागा नसली की प्लास्टिक मोकळं. एप्रिलमध्ये मुलं गाडीत बसलेली, मी ऐटीत पंप चालू केला, सिंकच्या नळाखालून कपाटात बारीक धार लागली ती मला दिसलीच नाही, कारण कपाटात तांदळाचा डबा पुढे होता. दोन दिवसांनी पाय ठेवला तर कार्पेट पचपचीत.

आता मी हीटरचा ड्रेन उघडते (आमच्या हीटरला पिवळा खटका आहे), गरम-गार एकत्र असलेले नळ मधोमध उचलून ठेवते म्हणजे दोन्हीकडून हवा जाते, शॉवर खाली सोडते, पंप काढून हलवून घरात आणते. टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) धुऊन तिची पाती उघडी ठेवायची, नाहीतर रबर चिकटून बसतं. त्या रबराला व्हॅसलीन लावू नका, खराब होतं, ऑलिव्ह ऑइलचा हात चालतो.

धागाकर्ती

नळ मधोमध!! आम्ही घट्ट बंद करून ठेवले होते, थेंब गळू नये म्हणून 🙈 नशीब म्हणायचं. फ्रिजचं काय करता?

भटकभवानी

दार थोडं उघडं. खटक्याची दुसरी स्थिती असते बघ, त्यात फट राहते. बंद ठेवलास तर मार्चमध्ये आतून कापूस उगवलेला दिसेल. तसंच कपाटांची दारं, पलंगाखालचे कप्पे सगळे उघडे, गाद्या घरात आण नाहीतर मधे उभ्या कर, भिंतीला टेकवू नकोस.

डच_भाकरी (नेदरलँड्स)

आमच्याकडे कॅराव्हॅन रस्त्यावर फार दिवस ठेवू देत नाहीत, म्हणून लोक शेतकऱ्याच्या गोठ्यात नाहीतर जुन्या काचघरात जागा घेतात. आमची अशाच काचघरात असते, जिथे पूर्वी टोमॅटो व्हायचे. ऑक्टोबरात आत, एप्रिलमध्ये बाहेर, मधे काढायची म्हटलं तरी पुढच्या रांगा हलवाव्या लागतात त्यामुळे विसरा. गॅसच्या टाक्या आत नेऊ देत नाहीत. ओल अजिबात नाही पण धूळ! बारीक मातकट धूळ आणि त्यात मांजराच्या पावलांची रांगोळी थेट छपरापर्यंत. ओल्या फडक्याने पुसू नका, आधी भरपूर पाणी सोडा. हँडब्रेक सोडून चाकांखाली ठोकळे लावून ठेवतो, ओढून ठेवला की ब्रेक धरून बसतात, एका वर्षी शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढली तेव्हा एक चाक फिरेचना, नुसतं घासत आलं.

पावशेर (कार्डिफ)

वरचं सगळं बरोबर आहे पण मी जरा वाईट बातमी सांगतो. हवेतली ओल आणि गळतीची ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आम्ही दोन वर्षं त्यातच फसलो.

आमच्या गाडीत वास यायचा. मी कॅल्शियम क्लोराइडच्या दाण्यांचे डबे ठेवले, ते दमट हवा ओढून खाली पाणी जमवतात. दर पंधरा दिवसांनी डबा भरायचा आणि मला वाटायचं वा, काय काम करतंय! एकदा तो डबा सांडला, ते खारट चिकट पाणी कार्पेटमधून आजतागायत पूर्ण वाळलेलं नाही, ते जाऊ दे. पण वास काही जाईना. शेवटी एक दिवस पुढच्या कोपऱ्यात खिडकीखाली सहज अंगठा दाबला तर भिंत आत गेली. चहात बुडवलेला टोस्ट कसा होतो, तशी. वरचा वॉलपेपर छान गुळगुळीत, आत प्लायवूडचा भुगा.

या जुन्या गाड्यांच्या भिंती म्हणजे बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मधे थर्मोकोल, लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि आतून पातळ प्लायवूड. सांध्यांवर ऑनिंग (बाहेरचा कापडी मांडव) लावायची पट्टी असते तिच्याखाली मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, भरलेलं असतं, ते वर्षांनुवर्षं वाळून तडकतं. पाणी वरच्या स्क्रूमधून शिरतं आणि तीन फूट खाली कोपऱ्यात दिसतं. आम्हाला विकताना सगळं कोरडं आहे सांगितलं होतं आणि आत सुवासिक फवारा मारलेला, आम्हीही तेवढ्यावर भुललो.

एक डॅम्प मीटर (भिंतीतली ओल मोजायचं यंत्र) घ्या, फार महाग नाही. टोचून बघायचा, खिडक्यांचे कोपरे, छताच्या कडा, दिव्यांच्या मागे, लॉकरच्या आत. साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल तर सुखाने झोपा, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर म्हणजे कोणीतरी जाणकार बोलवा, ३० च्या वर गेलं की लाकूड कुजायला लागलेलं असण्याची शक्यता. दरवर्षी त्याच जागा टोचून वहीत लिहून ठेवा. गळती असेल तर झाकण्याआधी ती बंद करा, नाहीतर कव्हरखाली आरामात कुजत राहते आणि तुम्हाला पत्ताच नाही.

मोदकप्रेमी

घराजवळ वीज असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावा, पण घरातला कॉम्प्रेसरवाला नको, थंडीत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि तो काहीच ओढत नाही. डेसिकंटवाला, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ वापरणारा, घ्या. माझा मी टायमरवर ठेवतो.

बर्फाळवाट (कॅलगरी)

तुमचा हिवाळा म्हणजे आमचा एप्रिल 😀 इथे उणे तीस होतं, त्यामुळे पाणी काढून भागत नाही, कॉम्प्रेसरने पाइप फुंकायचे आणि मग आर.व्ही.चं (अशा फिरत्या घरांसाठीचं) गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव, भरायचं, प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत. गाडीच्या रेडिएटरचं नाही हां, ते विषारी असतं. ओल आम्हाला छळत नाही, उंदीर छळतात. कोणीतरी सांगितलं ड्रायर शीट (कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे सुवासिक कागद) ठेवा, वासाने पळतात. ठेवल्या. वसंतात ड्रॉवर उघडला तर उंदरीणबाईंनी त्याच शीट कुरतडून मऊ गादी करून त्यावर पाच पिल्लं घातलेली. आता पाइप जिथून आत येतात त्या फटी स्टील वूलने बुजवतो.

देवरुखकर

कॅराव्हॅन नाही माझ्याकडे पण गावची गाडी जून ते सप्टेंबर शेडमध्ये असते, दुखणं तेच. एका पावसाळ्यात आलो तर स्टिअरिंगला पांढरी लव, मांजराला हात लावल्यासारखं वाटलं. वर उंदरांनी वायरी खाल्लेल्या. घराच्या जुन्या सवयीने कळीचा चुना बरणीत घालून ठेवला होता, त्याने ओल इतकी प्यायली की फुगून बरणीच तडकली, चुना सीटवर. ते करू नका. आता चुलतभावाला सांगून ठेवलंय, उघडीप पडली की दुपारी चारही दारं उघडून दोन तास ठेव. एवढंच, बाकी काही नाही. भावाला मात्र गणपतीत साडेतीनशे रुपयांचे पेढे द्यावे लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांना थँक्यू, रविवार सत्कारणी लागला. नवऱ्याने छप्पर धुतलं, मी नळ उचलून ठेवले, गाद्या वरच्या खोलीत आल्यात त्यामुळे आता पाहुण्यांना जागा नाही. शेजारच्या आजोबांकडे डॅम्प मीटर निघाला, ते स्वतःच घेऊन आले आणि टोचत सुटले. दाराजवळ ११, किचनच्या मागे १२, मागची खिडकी १२, आम्ही खूश. मग पुढचा उजवा कोपरा, जिथे गादीला जिरं लागलं होतं तिथे, २४. आजोबांनी परत टोचलं, २४. काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा दाबून बघितला, अजून टणक लागतोय. उद्या सकाळी दुरुस्तीवाल्याला फोन करतेय, कव्हर तूर्तास खोक्यातच.